पेशकार

[तबला हे आपल्या ओळखीचे वाद्य. सिंफनी ऑर्केस्ट्रा हा युरोपातील मोठा वाद्यवृंद. एकाचे संगीत तोंडी परंपरेने आलेले, तर दुसऱ्याचे कागदावर लिहिलेले. ही दोन संगीते एका मंचावर कशी आली, त्यासाठी कोणी कोणते प्रयत्न केले आणि त्यात कोणत्या अडचणी आल्या, हे या पाठात सांगितले आहे.]

ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या आपल्या परिसरात कान उघडे ठेवून फिरले, तर किती तऱ्हांचे संगीत ऐकू येते! सकाळच्या लोकल गाडीत भजनी मंडळ टाळ वाजवत असते. लग्नाच्या वरातीपुढे ब्रास बँड चालत असतो. गणेशोत्सवात ढोल-ताशांचा गजर होतो. एखाद्या रात्री कव्वालीची मैफल रंगते आणि पहाटेपर्यंत चालते. रिक्षात बसावे, तर तेथे चित्रपटातील गाणी चालू असतात.

हे सर्व संगीत आपण ऐकतो. ऐकणाऱ्याला त्यात काही अडचण नसते. पण वाजवणाऱ्यांचे काय? ब्रास बँडमधील ट्रंपेटवाला आणि कव्वालाचा तबलजी यांना एका मंचावर बसवून एकच रचना वाजवायला सांगितली, तर ते कसे वाजवतील? कोणी कोणाच्या मागे जायचे? एकाच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज बुडून गेला तर काय करायचे?

हाच प्रश्न जगातील मोठमोठ्या संगीतकारांनाही पडला. त्यांपैकी एक होते आपल्या मुंबईचे उस्ताद झाकीर हुसेन. तबला आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी त्यांनी एक रचना तयार केली. सप्टेंबर २०१५ मध्ये ती मुंबईत प्रथम सादर झाली. तिचे नाव होते ‘पेशकार’. या रचनेची गोष्ट समजून घेण्यासाठी आधी सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, ते पाहू या.

सिंफनी ऑर्केस्ट्रा हा फार मोठा वाद्यवृंद असतो. त्यात बहुधा ७० ते १०० वादक असतात. सर्वांत पुढे व्हायोलिन, चेलो अशी तारांची वाद्ये. त्यांच्या मागे बासरी, क्लॅरिनेट अशी फुंकून वाजवण्याची वाद्ये. त्यांच्या मागे ट्रंपेटसारखी पितळी वाद्ये आणि शेवटी तालवाद्ये. या तालवाद्यांत ‘टिंपनी’ नावाची मोठी भांड्यांच्या आकाराची वाद्ये असतात. ती पाहून तुम्हांला नगाऱ्याची आठवण होईल, आणि ते बरोबरच आहे. टिंपनी हे नगाऱ्याच्याच कुळातील वाद्य आहे. अरबी ‘नक्कारा’ मध्ययुगात युरोपात पोहोचला. जुन्या काळच्या इंग्रजीत त्याला ‘नेकर्स’ असे नावही पडले. म्हणजे ज्या वाद्यवृंदाला आपण परका समजतो, त्याच्या शेवटच्या रांगेत आपल्या ओळखीचा एक पाहुणा कित्येक शतकांपासून बसलेला आहे.

इतक्या वादकांनी एकाच वेळी वाजवायचे, तर शिस्त हवी. ती शिस्त दोन गोष्टींमुळे येते. पहिली गोष्ट म्हणजे कागद. प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाट्याचे संगीत लिहिलेले असते. कोणता स्वर, किती वेळ, किती मोठ्याने, हे सर्व त्या लिपीत लिहिलेले असते. वादक आपल्या मनाने एक स्वरही वाढवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे संचालक. तो हातात छोटी काठी घेऊन सर्वांसमोर उभा राहतो. स्वतः काहीच वाजवत नाही. पण कोणी केव्हा सुरुवात करायची, गती केव्हा वाढवायची, आवाज केव्हा कमी करायचा, हे तोच खुणेने सांगतो.

आपले हिंदुस्थानी संगीत याहून वेगळ्या वाटेने चालते. येथे उस्ताद किंवा गुरू समोर बसवून शिकवतात. शिष्य ऐकतो, पाठ करतो आणि वर्षानुवर्षे रियाज करतो. मैफलीत त्याच्यासमोर कागद नसतो. राग आणि ताल ठरलेले असतात. पण त्यांच्या चौकटीत काय गायचे, काय वाजवायचे, हे तो त्या क्षणी ठरवतो. यालाच ‘उपज’ म्हणतात. आजची मैफल कालच्यासारखी होत नाही आणि श्रोत्यांना तेच आवडते.

आता विचार करा. एकाला कागदाबाहेर जाता येत नाही आणि दुसऱ्याला कागदावर बांधून ठेवता येत नाही. अशा दोघांची जोडी जमवायची, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी उर्दू आणि डावीकडून उजवीकडे लिहिली जाणारी मराठी एकाच ओळीत लिहायला घेण्यासारखे आहे. दोन्ही लिपी येत असल्याशिवाय ती ओळ लिहिता येणार नाही.

मुंबईत असा प्रयत्न करणारे एक संगीतकार होते अँथनी गोन्साल्विस. ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट १९७७ साली आला. त्यातील अँथनी गोन्साल्विस हे नाव अनेकांच्या ओठांवर आहे. पण त्या नावाचा खरा माणूस होता, हे फार थोड्यांना माहीत असते. गोव्यातील माजोर्डा गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईत येऊन ते हिंदी चित्रपटांच्या संगीतात व्हायोलिन वाजवू लागले. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यापैकी प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी. आपल्या गुरूंची आठवण म्हणूनच प्यारेलाल यांनी त्या गाण्यात हे नाव आणले.

गोन्साल्विस यांना पाश्चात्य संगीताचे उत्तम ज्ञान होते आणि हिंदुस्थानी रागांचीही ओढ होती. या रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना कराव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्याचा कार्यक्रम झाला. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्या काळचे लोकप्रिय पार्श्वगायक त्या वाद्यवृंदाबरोबर गायले. चित्रपटांसाठी गाणारे कलावंत, आपले राग आणि पाश्चात्य पद्धतीचा वाद्यवृंद असे तीन प्रवाह तेथे एकत्र आले होते. परंतु एवढा मोठा वाद्यवृंद चालवणे सोपे नसते. वादकांना मानधन द्यावे लागते, तालमींसाठी जागा लागते, रचना लिहून काढाव्या लागतात. हा प्रयोग पुढे टिकला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. परत आल्यावर ते माजोर्ड्यात शांतपणे राहिले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे स्वप्न मात्र पुढच्या पिढीच्या कामी आले.

त्याच सुमारास इंग्लंड आणि अमेरिकेत एक नवे संगीत तरुणांना वेड लावत होते. ते म्हणजे रॉक संगीत. विजेवर चालणारी गिटार, दणदणीत ड्रम आणि मोठमोठे ध्वनिवर्धक ही त्याची ओळख. रॉक संगीताचे मोठे महोत्सव उन्हाळ्यात उघड्या मैदानावर भरत. जून १९६७ मध्ये अमेरिकेतील मॉन्टेरे येथे असाच एक महोत्सव भरला. त्या मंचावर सतारवादक पंडित रविशंकर बसले होते आणि त्यांच्या साथीला तबल्यावर होते उस्ताद अल्लारखाँ. ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉकच्या प्रसिद्ध महोत्सवातही हे दोघे वाजवून आले. वुडस्टॉकला लाखो तरुण जमले होते. गिटारच्या गोंगाटाला सरावलेल्या त्या श्रोत्यांनी तबला ऐकला.

वुडस्टॉकनंतर सुमारे सव्वा महिन्याने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आणखी एक नवल घडले. ‘डीप पर्पल’ हा रॉक संगीताचा गट आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकाच मंचावर आले. या गटात ऑर्गन वाजवणारे जॉन लॉर्ड यांनी दोघांसाठी मिळून एक रचना लिहिली होती. संचालक होते माल्कम अर्नल्ड. तालमीच्या वेळी वाद्यवृंदातील काही वादकांना हा प्रकार मुळीच रुचला नव्हता. केस वाढवलेल्या या पोरांबरोबर आपण का वाजवायचे, असे त्यांना वाटे. अर्नल्ड यांनी त्यांना खडे बोल सुनावले आणि कामाला लावले. कार्यक्रम पार पडला आणि श्रोत्यांनी त्याला दाद दिली.

या रचनेची पुढची हकिकत मोठी विलक्षण आहे. १९७० मध्ये तिचे लिहिलेले कागदच हरवले. कागदावर जगणारे संगीत. कागद गेला म्हणजे सर्व संपले, असे वाटले. जवळजवळ तीस वर्षे ती रचना मंचावर येऊ शकली नाही. शेवटी मार्को द खुय या डच संगीतकाराने जुने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून एकेका वाद्याचा भाग उतरवून काढला. जॉन लॉर्ड यांनीही त्याला मदत केली. सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात ती रचना पुन्हा वाजली. कागदाने दगा दिला, तेव्हा कान उपयोगी पडले!

आता आपण पुन्हा मुंबईकडे वळू. उस्ताद अल्लारखाँ यांचे चिरंजीव म्हणजे झाकीर हुसेन. ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला आणि माहीममध्ये ते वाढले. वडील पंजाब घराण्याचे नामवंत तबलावादक. ते पहाटे मुलाला उठवून तबल्याचे बोल शिकवीत. त्यानंतर मुलगा मदरशात जाऊन कुराणपठण करी आणि तेथून मिशनच्या शाळेत जाई. शाळेत ख्रिस्ती प्रार्थनागीते म्हटली जात. बालपणीचा हा दिनक्रम झाकीर हुसेन मोठेपणी मुलाखतींतून आवडीने सांगत. दिवस पुरता उजाडण्याआधीच त्यांच्या कानांवर तीन तऱ्हांचे नाद पडलेले असत. त्यांतला एक आपला आणि दुसरे परके, असे त्यांना कधी वाटले नाही.

पुढे १९७० मध्ये ते अमेरिकेला गेले. तेथे ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक गटाचे ड्रमवादक मिकी हार्ट यांच्याशी त्यांची मैत्री जमली. १९७३ मध्ये इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन यांच्याबरोबर त्यांनी ‘शक्ती’ हा गट सुरू केला. मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या ध्वनिमुद्रिकेत निरनिराळ्या देशांचे तालवादक एकत्र आले होते. त्यांत झाकीर हुसेनही होते. १९९२ साली या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये बेला फ्लेक आणि एडगर मायर या दोन अमेरिकन वादकांबरोबर त्यांनी नॅशव्हिल येथील सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी एक रचना केली. अशा रीतीने दुसऱ्यांचे संगीत ऐकता ऐकता ते मोठ्या वाद्यवृंदाची भाषा शिकत गेले.

इकडे २००६ मध्येच मुंबईत ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ या वाद्यवृंदाची स्थापना झाली. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. नरिमन पॉइंटला समुद्राच्या काठावर असलेली एन.सी.पी.ए. ही कलासंस्था म्हणजे या वाद्यवृंदाचे घर. कल्याणहून जलद लोकलने निघालेला प्रवासी दोन तासांच्या आत तेथे पोहोचू शकतो. याच वाद्यवृंदाने झाकीर हुसेन यांना तबल्यासाठी रचना करण्याची विनंती केली आणि त्यातून ‘पेशकार’ जन्माला आली.

या नावाकडे जरा लक्ष द्या. उर्दू शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ते परके वाटणार नाही. ‘पेश’ म्हणजे समोर. पेशकार म्हणजे समोर मांडणारा. न्यायाधीशांसमोर कागदपत्रे ठेवणाऱ्या कारकुनालाही उर्दूत पेशकार म्हणतात. तबल्याच्या भाषेत पेशकार म्हणजे स्वतंत्र वादनाच्या आरंभी संथ लयीत वाजवायचा भाग. वादक त्यातून तालाचे रूप श्रोत्यांसमोर मांडतो. पेशकारानंतर येतो ‘कायदा’. हा शब्दही तुमच्या घरचाच. तुम्ही पहिल्यांदा अक्षरे ज्या पुस्तकातून शिकलात, ते कायदाच होते. मराठीत कायदा म्हणजे कानून. तबल्यात कायदा म्हणजे ठरावीक बोलांची नियमबद्ध रचना. तिचे नियम पाळूनच तिचा विस्तार करायचा असतो. तबला, उस्ताद, रियाज, मैफल हे शब्दही असेच अरबी-फारसीतून आलेले आणि मराठीत रुजलेले आहेत.

एकट्या वाद्याने मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवायच्या रचनेला पाश्चात्य संगीतात ‘कॉन्चेर्टो’ म्हणतात. व्हायोलिनचे आणि पियानोचे कॉन्चेर्टो शेकड्यांनी आहेत. सतारीसाठी पंडित रविशंकर यांनी लिहिलेला कॉन्चेर्टो १९७१ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवला होता. तबल्यासाठी असे काम करताना मात्र नव्या अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण आवाजाची. तबल्याच्या चाटेवर बोटाच्या टोकाने काढलेला नाजूक ‘ना’ ७० वाद्यांपुढे ऐकू कसा येणार? त्यासाठी तबल्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. तबला बोलत असताना इतरांनी हळू वाजवावे किंवा थांबावे, अशी रचनाच करावी लागते. रॉक संगीतात याच्या उलट घडते. तेथे गिटारच्या आवाजात व्हायोलिन बुडून जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. कोणत्याही बाजूने पाहिले, तरी बलवानाने आवाज आवरल्याशिवाय दोघांचे संगीत होत नाही.

दुसरी अडचण मोजण्याची. पाश्चात्य संगीतात मात्रांचे छोटे गट असतात आणि ते एकापुढे एक सरळ जात राहतात. आपला ताल गोल फिरतो. तीनतालाच्या १६ मात्रा असतात आणि १६वी मात्रा झाली की पुन्हा पहिली येते. या पहिल्या मात्रेला ‘सम’ म्हणतात. तीनतालाचा ठेका असा :

धा धिन् धिन् धा । धा धिन् धिन् धा ।
धा तिन् तिन् ता । ता धिन् धिन् धा ।

तबलावादक कितीही गुंतागुंतीचे वाजवत गेला, तरी समेवर अचूक येतो. त्यासाठी तो ‘तिहाई’ वाजवतो, म्हणजे एकच तुकडा तीन वेळा वाजवतो. समजा, तुकडा ५ मात्रांचा आहे आणि दोन तुकड्यांमध्ये १ मात्रा थांबायचे आहे. मग ५, १, ५, १, ५ मिळून १७ मात्रा होतात. समेपासून सुरुवात केली, तर १७वी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम! शेवटचा आघात बरोबर तेथे पडतो आणि श्रोत्यांच्या तोंडून ‘वाहवा’ निघते. वाद्यवृंदातील वादकांना या हिशेबाची सवय नसते. त्यांच्यासाठी तो त्यांच्या लिपीत मांडून द्यावा लागतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. वाद्यवृंदाचा भाग तर अक्षरशः लिहिला पाहिजे. पण तबल्याची उपज कशी लिहिणार? आणि लिहून बांधून टाकली, तर ती उपज कसली? पाश्चात्य कॉन्चेर्टोतही एक जुनी सोय होती. रचनेच्या एखाद्या ठिकाणी सर्व वाद्यवृंद थांबतो आणि एकटा वादक आपले कसब दाखवतो. जुन्या काळी तो तेथे मनाने वाजवत असे. तबल्याला अशी मोकळी जागा दिली, तर दोन्ही परंपरांना आपापल्या पद्धतीने राहता येते. मात्र तबला केव्हा समेवर येतो आहे, हे संचालकाने कान देऊन ओळखावे लागते. त्या क्षणी त्याची काठी खाली येते आणि सर्व वाद्ये एकदम बोलू लागतात. एरवी सर्वांना वाट दाखवणारा संचालक तेवढ्या वेळापुरता तबल्याच्या मागे जातो. पुढच्याच क्षणी तबलावादक संचालकाच्या काठीकडे पाहू लागतो. दोघांनीही आळीपाळीने मागे राहायला शिकल्यावर ही जोडी जमते.

‘पेशकार’ मुंबईपुरती राहिली नाही. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने ती २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये नेली. युरोपच्या श्रोत्यांसमोर, त्यांच्याच पद्धतीच्या सभागृहात, माहीमच्या या कलावंताने तबला पेश केला. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

जॉन लॉर्ड यांच्या रचनेचा कागद हरवला होता आणि कानांनी ती वाचवली. ‘पेशकार’चे उलट आहे. वाद्यवृंदाचा कागद जपून ठेवता येईल. पण तो उघडून तबल्याची मोकळी जागा भरायला कोणीतरी बसले पाहिजे. ती जागा कागद वाचून भरता येत नाही. त्यासाठी एखाद्या मुलाला लहानपणापासून उस्तादांसमोर बसावे लागेल, बोल पाठ करावे लागतील, वर्षानुवर्षे रियाज करावा लागेल. त्याच मुलाला दुसऱ्यांची लिपी आणि दुसऱ्यांचे संगीतही समजून घ्यावे लागेल. असा मुलगा किंवा मुलगी कदाचित भिवंडीच्या एखाद्या गल्लीत किंवा कल्याणच्या एखाद्या चाळीत आजही बाकावर बोटांनी ठेका धरत बसलेली असेल.

शब्दार्थ

वाद्यवृंद – अनेक वाद्ये एकत्र वाजवणारा वादकांचा समूह
गजर – मोठा, सतत चाललेला नाद
पार्श्वगायक – चित्रपटातील नटनटींसाठी गाणारा गायक
मानधन – कलावंताला कामाबद्दल दिलेले पैसे
तालीम – सराव
खडे बोल सुनावणे – स्पष्ट शब्दांत रागावणे
दाद देणे – कौतुक करणे
विलक्षण – नवल वाटावे असे
चाट – तबल्याची कडेची पट्टी
आघात – ठोका
आवर्तन – तालाचा एक पूर्ण फेरा
कसब – कौशल्य
आळीपाळीने – एकामागून एक, पाळीपाळीने

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तर लिहा.
(१) ‘पेशकार’ ही रचना प्रथम केव्हा व कोठे सादर झाली?
(२) टिंपनी हे कोणत्या वाद्याच्या कुळातील वाद्य आहे?
(३) अँथनी गोन्साल्विस यांचे गाव कोणते?
(४) उस्ताद अल्लारखाँ यांनी रॉक संगीताच्या कोणत्या दोन महोत्सवांत साथ केली?
(५) तीनतालाच्या मात्रा किती?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) सिंफनी ऑर्केस्ट्रातील संचालक काय काम करतो?
(२) ‘उपज’ म्हणजे काय?
(३) जॉन लॉर्ड यांची हरवलेली रचना पुन्हा कशी तयार झाली?
(४) झाकीर हुसेन यांच्या कानांवर लहानपणी रोज सकाळी कोणकोणते नाद पडत?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) तबला वाजत असताना वाद्यवृंदाने हळू वाजवावे लागते.
(२) ‘पेशकार’चा कागद जपून ठेवला, तरी तेवढ्याने ती रचना जिवंत राहणार नाही.

प्र. ४. जोड्या लावा.
‘अ’ गट : (१) माल्कम अर्नल्ड (२) मिकी हार्ट (३) प्यारेलाल (४) पंडित रविशंकर
‘ब’ गट : (अ) सतारवादक (आ) अँथनी गोन्साल्विस यांचे विद्यार्थी (इ) वाद्यवृंद संचालक (ई) ड्रमवादक

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. उदा., तो तबला, ती सतार, ते व्हायोलिन. पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा : नगारा, मैफल, वाद्य, काठी, मंच, संगीत, मात्रा, गाणे.
(आ) पुढील शब्दांचा उर्दूतील अर्थ आणि मराठीतील अर्थ लिहा. दोन्हींत काही फरक असल्यास सांगा : कायदा, तालीम, मैफल.
(इ) ‘दाद देणे’ आणि ‘खडे बोल सुनावणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम
(१) वर्गाचे दोन गट करा. एका गटाने १६ मात्रा टाळ्यांनी मोजाव्यात. दुसऱ्या गटाने पाठात दिलेली ५, १, ५, १, ५ अशी तिहाई वाजवून समेवर येण्याचा प्रयत्न करावा.
(२) आपल्या परिसरातील एखाद्या वादकाला भेटा. तो कोणाकडून शिकला, कागद पाहून वाजवतो की पाठ केलेले वाजवतो, हे विचारा आणि मिळालेली माहिती मराठीत दहा ओळींत लिहा.